मुक्या गोकुळातला कान्हा

आमच्या अकलूजला कृष्णाची ओळख नव्याने करून द्यावी लागत नाही. आषाढाच्या वाटेवर तुकोबांची पालखी येते, गोल रिंगण होते, आणि अभंगांच्या मागोमाग गौळणीही रंगतात. एरवी गावाचा लौकिक लावणीच्या स्पर्धेचा, आणि तमाशाचा फड म्हटला की गणानंतर गौळण ही आलीच. मथुरेच्या बाजाराला निघालेल्या गवळणी, त्यांची ती भित्री पण तोंडाळ मावशी, वाट अडवून दाण मागणारा कृष्ण आणि त्याच्या आडून शहाणपणा करणारा पेंद्या. मी महाविद्यालयात मराठी शिकवतो. गौळणीचा पाठ निघाला की निम्म्या वर्गाला मावशीचे विनोद माझ्याआधी ठाऊक असतात! देवाची थट्टा करावी आणि देवानेही आपली करावी, इतकी सलगी मराठी माणसाने आपल्या दैवतांशी पूर्वीपासून ठेवली आहे.

म्हणूनच मूकपटाच्या जमान्यातला आपला बालविनोदवीर कोण, असा प्रश्न कुणी केला तर चार्ली चॅप्लिनच्या अमेरिकेपर्यंत धावण्याचे कारण नाही. नाशिकपर्यंत गेले की भागते. १९१९ साली तिथे तयार झालेल्या 'कालिया मर्दन' या मूकपटात एक कृष्ण आहे. तो लोणी चोरतो, शेजाऱ्यांच्या खोड्या काढतो, मार चुकवतो आणि अखेर यमुनेच्या डोहात उडी घेतो. या कृष्णाचे खरे नाव मंदाकिनी. चित्रपटाचे जनक दादासाहेब फाळके यांची ही लेक, वय वर्षे अवघे सात.

तिच्या वडिलांवर पुष्कळ लिहिले गेले आहे. तिच्याविषयी बहुधा एखादी ओळ येते आणि लेखक पुढे सरकतो. या दिवाळीला जरा तिच्याजवळ थांबू या.

बातमी आणली ती मुलानेच

मौज अशी की, फाळक्यांच्या घरात चित्रपट शिरला तोच मुळी एका मुलाचे बोट धरून. १९११ साली गिरगावातल्या एका तंबूवजा चित्रगृहात दादासाहेब आपला थोरला मुलगा भालचंद्र याला घेऊन गेले. पडद्यावर जिवंत जनावरे हलताना पाहून पोराचे डोळे विस्फारले. घरी येऊन त्याने आईला सांगितले; पण पडद्यावरची जनावरे चालतात, यावर विश्वास कोण ठेवणार? तेव्हा दुसऱ्या दिवशी दादासाहेबांनी सगळ्या घरालाच नेले. ईस्टरचे दिवस असल्यामुळे त्या दिवशी येशू ख्रिस्ताच्या जीवनावरचा चित्रपट लागला होता. तो पाहताना आपल्या मनापुढे राम आणि कृष्ण, अयोध्या आणि गोकुळ तरळू लागले, असे फाळक्यांनी पुढे स्वतःच लिहून ठेवले आहे. म्हणजे गोकुळ आधी मनात उभे राहिले, 'राजा हरिश्चंद्र' त्यानंतर आला.

पुढची कथा मराठी वाचकाला परिचयाची आहे. १९१२ साली विलायतेची वारी झाली, कॅमेरा आला. भांडवलदारांची खात्री पटावी म्हणून रोपाच्या वाढीचा एक लहानसा चित्रपट घरीच तयार झाला. पत्नी सरस्वतीबाई घरातल्या माणसांचा आणि कंपनीतल्या माणसांचा स्वयंपाक करीत, आणि रात्री फिल्मला भोके पाडणे, ती धुणे ही कामेही सांभाळीत. अशा घरात मुले वाढत होती. इतरांच्या घरी जसे दळणकांडण, तसे यांच्या घरी चित्रीकरण!

'राजा हरिश्चंद्र'साठी तारामती मिळेना. चित्रपटात काम करायला बायका तयार होईनात, तेव्हा उपाहारगृहात काम करणाऱ्या अण्णा साळुंके यांना लुगडे नेसवून तारामती उभी केली, ही गोष्ट सर्वांना ठाऊक आहे. रोहिदासाचीही तीच अडचण होती, हे मात्र थोड्यांच्या ध्यानात असते. ज्या कथेत मुलाने रानोमाळ हिंडायचे आणि अखेर मरायचे, तिच्यासाठी आपले पोर द्यायला कोण आईबाप राजी होणार? अशुभाचे भय कुणाला नसते? अखेर दादासाहेबांनी आपल्या भालचंद्रालाच उभे केले. ३ मे १९१३ रोजी मुंबईच्या कोरोनेशन चित्रगृहात लोकांनी पाहिलेला रोहिदास हा फाळक्यांच्या घरचाच.

या चित्रीकरणाची एक हकीकत फाळक्यांच्या चरित्रकथांतून सांगितली जाते. बाहेरगावी चित्रीकरण चालू असता भालचंद्र खेळताना दगडावर पडला, डोक्याला खोक पडली आणि तो बेशुद्ध झाला. प्रथमोपचार झाले. चित्रीकरण थांबवून मुलाला परत न्यावे, असे सोबतच्या मंडळींचे म्हणणे पडले. पण रोहिदासाच्या मृत्यूचा प्रसंग घ्यायचा राहिला होता. तो प्रसंग मुलगा तशा अवस्थेत असतानाच घेतला गेला, असे म्हणतात. बापाचे धैर्य म्हणून ही हकीकत सांगण्याची पद्धत आहे. मी ती वाचतो तेव्हा मला त्या पोराचे डोके दिसते. आरंभीच्या काळात चित्रपटाला मुलांनी काय दिले, याचा हिशेब मांडताना ही खोक विसरून चालणार नाही.

आधी मुलगी, मग देव

१९१८ साली नाशिकला हिंदुस्थान सिनेमा फिल्म्स कंपनी निघाली आणि पैशाची चणचण थोडी हटली. लागलीच दादासाहेबांनी जुने स्वप्न हाती घेतले. त्या वर्षी 'श्रीकृष्ण जन्म' आणि पुढच्या वर्षी 'कालिया मर्दन' आला. दोन्हींत बाळकृष्ण मंदाकिनी.

'कालिया मर्दन'चा आरंभ आजही चकित करतो. कथा सुरू होण्याआधी प्रेक्षकांना अक्षरांतून सांगितले जाते की, सात वर्षांच्या एका लहान मुलीचे मुद्राभिनय आता पाहा. मग पडद्यावर तिचा चेहरा येतो आणि त्यावरून एकामागून एक भाव सरकू लागतात. हसू येते, ते मावळते, भुवया चढतात, ओठ मुडपतात. हळूहळू त्याच चेहऱ्यावर दुसरे चित्र उमलते आणि साधी मुलगी विरून तिच्या जागी मुकुटधारी कृष्ण उभा राहतो.

हे दादासाहेबांनी का केले असेल? ते जादूचे प्रयोगही करीत, चमत्काराची दृश्ये हा त्यांच्या चित्रपटांचा प्राण. अशा माणसाने आपले गुपित आधीच फोडावे? मला वाटते, इथे त्यांच्यातला बाप आणि त्यांच्यातला कारागीर या दोघांचे एकमत झाले. पुढे दिसणाऱ्या कालियाच्या फण्या आणि पाण्याखालची झुंज ही यंत्राची करामत. पण हा चेहरा ही एका मुलीची मेहनत आहे, ती वेगळी ओळखा, असेच जणू त्यांना सांगायचे होते. नाटकाच्या सूत्रधाराने पडदा उघडण्याआधी नटीला पुढे आणावे, तसा हा मान आहे. लेकीला दिलेल्या या मानाबद्दल मला दादासाहेबांविषयी विशेष आदर वाटतो.

मग गोकुळ सुरू होते. एक गवळण कृष्णाच्या सवंगड्यावर पाणी फेकून त्याचा अपमान करते. आता सूड घेतलाच पाहिजे! कृष्णाची सेना तिच्या घरात शिरून लोण्याचा फडशा पाडते. तक्रारी होतात, पण कृष्णाला त्याचे काय? रात्री तो एका धनिक जोडप्याच्या शेजघरात शिरतो. नवरा-बायको गाढ झोपलेली. कृष्ण नवऱ्याची दाढी आणि बायकोचा केशसंभार यांची एकमेकांत गाठ मारून ठेवतो! जाग येताच जी ओढाताण होते, तिला कुठल्याही भाषेचे शब्द लागत नाहीत. सकाळी सारे गाव तक्रार घेऊन नंदाच्या दारात हजर होते.

हा विनोद कुणाला भाबडा वाटेल. पण बारकाईने पाहा. कॅमेरा हाताने फिरवायचा, उन्हाच्या प्रकाशात चित्रण उरकायचे, आवाजाची सोय नाही. अशा वेळी नटाची सारी भिस्त चालीवर, डोळ्यांवर आणि थांबण्यावर. त्या काळचे मोठे नट रंगभूमीच्या सवयीने हातवारे करीत आणि छाती बडवून शोक करीत. मंदाकिनी तसे फारसे काही करीत नाही. खोडी काढण्याआधी ती क्षणभर थांबते, सावध नजरेने पाहते, आणि मग जणू आपण त्या गावचेच नाही अशा निरागसपणे काम उरकते. हसवणाऱ्याने स्वतः हसू नये, हा विनोदाचा जुना कायदा. तो या मुलीने वयाच्या सातव्या वर्षी आत्मसात केला होता. मावशीच्या तोंडच्या कोट्यांवर पिढ्यान्‌पिढ्या हसलेल्या प्रेक्षकाला इथे शब्द नसतानाही तीच गौळण सापडली असणार. पेटी-तबलेवाले पडद्यापुढे बसून साथ करीत, आणि कुणी साक्षर प्रेक्षक पडद्यावरची अक्षरे मोठ्याने वाचून दाखवी. बाकीचे काम तिचा चेहरा करी.

आणि मग हसू एकाएकी थांबते. कृष्ण यमुनेत उडी घेतो. पाण्याखाली कालियाशी झुंज, आणि काठावर यशोदा, नंद, सारे गोकुळ आक्रोश करीत आहे. फाळके एकदा पाणी दाखवतात, एकदा काठ. कालपर्यंत ज्याच्या तक्रारी केल्या, त्याच पोरासाठी गाव ऊर बडवीत असते. आधीच्या सगळ्या खोड्या या घटकेसाठी होत्या, हे आपल्याला तेव्हा कळते. खट्याळ पोर घरात नको होते, पण घराबाहेर तर मुळीच नको होते! शेवटी फण्यांवर उभा राहून कृष्ण वर येतो आणि काठावरच्यांबरोबर आपलाही जीव भांड्यात पडतो.

रुक्मिणी पुरुष, कृष्ण मुलगी

त्या काळच्या मराठी माणसाच्या करमणुकीकडे आज पाहिले तर एक विलक्षण चित्र दिसते. खाडिलकरांचे 'स्वयंवर' १९१६ साली रंगभूमीवर आले होते आणि बालगंधर्वांच्या रुक्मिणीवर महाराष्ट्र लुब्ध होता. त्यांच्यासारखे लुगडे नेसावे, त्यांच्यासारखी फुले माळावीत, म्हणून घरंदाज स्त्रिया त्यांचे अनुकरण करीत. त्याच सुमारास नाशिकला फाळक्यांची मुलगी पीतांबर नेसून, मोरपीस खोवून गोपाळ होत होती. एकीकडे रुक्मिणी पुरुष आणि दुसरीकडे कृष्ण मुलगी! दादासाहेबांच्या 'लंकादहन'मध्ये (१९१७) तर अण्णा साळुंके हेच राम आणि हेच सीता.

पण या दोन सोंगांत एक फरक आहे. पुरुषाने स्त्रीची भूमिका करणे ही रूढी होती. तिच्यातून मान मिळे, पैसा मिळे, जन्मभराची कारकीर्द होई. मुलीने कृष्ण व्हायचे ही मात्र बालपणाची सवलत होती. स्त्रियांनी पडदा गाठलाच नव्हता असे नव्हे. फाळक्यांच्याच 'मोहिनी भस्मासुर'मध्ये (१९१३) दुर्गाबाई कामत आणि त्यांची तेरा-एक वर्षांची मुलगी कमलाबाई यांनी भूमिका केल्या होत्या. कमलाबाईंनी पुढे गोखले नावाने रंगभूमी आणि चित्रपट दोन्ही गाजवले. पण त्या मायलेकींनी लोकापवाद पत्करून ही वाट धरली होती. सामान्य पांढरपेशा घरातल्या मुलीला ती वाट मोकळी नव्हती.

मंदाकिनीची पुढे नटी म्हणून कारकीर्द झाली नाही. तिचे नाव राहिले ते या बाळकृष्णामुळे.

एकदा वर्गात गौळणीच्या पाठानंतर मी मुलांना 'कालिया मर्दन'चा भाग भिंतीवर दाखवला. हातातल्या फोनवर दिवसभर चित्रे पाहणारी ही मुले. मुका, करडा, थरथरणारा चित्रपट किती वेळ सहन करतील याची मला धास्ती होती. दाढीची गाठ बसली आणि मागच्या बाकापर्यंत हशा पिकला. शंभर वर्षांपूर्वीच्या खोडीला आजच्या पोरांनी दिलेली ती दाद मोठी गोड होती. तास संपल्यावर एका मुलीने विचारले, "सर, मग पुढं तिनं काय केलं?" प्रश्न साधाच, पण मूकपटाच्या इतिहासातला सर्वांत अवघड प्रश्न तिने विचारला होता. पुढे वडिलांनी काय केले, ते सांगता येते. दादासाहेब कंपनीशी मतभेद होऊन काशीला गेले, तिथे त्यांनी 'रंगभूमि' हे नाटक लिहिले, परत आले, पुष्कळ मूकपट काढले, 'गंगावतरण' (१९३७) हा एकच बोलपट केला आणि १६ फेब्रुवारी १९४४ रोजी नाशिकला, लोकांच्या विस्मृतीतच, त्यांचे निधन झाले. मुलीच्या बाबतीत मात्र इतिहासाची वही पडद्याबरोबरच मिटते.

पडद्यावरचे गोकुळ पुढेही नांदत राहिले. १९२९ साली कोल्हापूरला प्रभात कंपनी निघाली, तिचा पहिलाच मूकपट 'गोपाळकृष्ण'. १९३८ साली प्रभातने त्याच नावाचा बोलपट काढला आणि त्यात राम मराठे कृष्ण झाले. या कृष्णाला गळा होता. तो मोठा होऊन पंडित राम मराठे झाला आणि मैफली व संगीत रंगभूमी यांवर अर्धे शतक गाजला. बालकृष्णाच्या भूमिकेतून मुलाला जी वाट फुटू शकली, ती एकोणीस वर्षे आधीच्या मुलीला फुटली नाही. दोघांच्या गुणांची तुलना करण्याचे मला कारण नाही. वाटांची तुलना मात्र डोळ्यांपुढून हलत नाही.

डब्यातले गोकुळ

तिचा चेहरा आज आपल्याला दिसतो, हेही एक नवलच आहे. मूकपटांच्या काळात आपल्या देशात तेराशेच्या आसपास चित्रपट निघाले. त्यांपैकी आज तीसही धडपणे शिल्लक नाहीत. त्या वेळची फिल्म ज्वालाग्राही. चटकन पेट घेई, दमटपणाने सडे. बोलपट आल्यावर तर मूकपटाचे डबे अडगळ झाले आणि आतल्या चांदीसाठी ते विकले गेले. पडद्यावर ज्यांनी लाखो लोकांना हसवले-रडवले, त्यांची अखेर अशी झाली.

१९६४ साली पुण्यात राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय स्थापन झाले. ते ज्यांनी घडवले त्या पी. के. नायर यांनी फाळके कुटुंबाकडे उरलेल्या फिती मिळवल्या. 'कालिया मर्दन' तुकड्यातुकड्यांनी हाती आला. तो जुळवत जुळवत पाऊण-एक तासाचा चित्रपट उभा राहिला. फाळक्यांच्या मूकपटांपैकी इतका भरीव आणि सलग असा हाच एक. बापाच्या जवळजवळ साऱ्या राज्याची राख झाली आणि लेकीच्या खोड्या तेवढ्या उरल्या!

खेळ आणि काम

'कालिया मर्दन'नंतर दोनच वर्षांनी, १९२१ साली, अमेरिकेत चॅप्लिनचा 'द किड' आला आणि जॅकी कूगन हा सहा वर्षांचा मुलगा जगाचा लाडका झाला. त्याने लक्षावधी डॉलर मिळवले. सज्ञान झाल्यावर पाहतो तो आई आणि सावत्र बाप यांनी बहुतेक पैसा उडवलेला. १९३८ साली तो न्यायालयात गेला. हाती लागले जेमतेम सव्वा लाख डॉलर. त्या गाजावाजातून १९३९ साली कॅलिफोर्नियात बालकलाकारांच्या कमाईचा काही भाग राखून ठेवणारा कायदा झाला आणि त्याला कूगनचेच नाव चिकटले.

आपल्याकडे ही जाग उशिरा आली. १९८६ च्या बालकामगार कायद्यात २०१६ साली दुरुस्ती झाली आणि २०१७ साली त्याचे नियम आले. बालकलाकाराला काम द्यायचे तर आधी जिल्हा दंडाधिकाऱ्यांची परवानगी हवी. दिवसाला पाच तासांहून अधिक काम नाही, विश्रांतीवाचून सलग तीन तासांहून अधिक नाही. शाळा बुडू द्यायची नाही. मिळकतीचा निदान वीस टक्के भाग मुलाच्या नावे बँकेत मुदतठेवीत ठेवायचा. या नियमांत मला महत्त्वाचे वाटते ते हे की, मुलाचा अभिनय हा खेळ दिसला तरी ते काम असते, हे सरकारने लेखी मान्य केले.

फाळक्यांच्या घरात पैशाचा अपहार नव्हता. अपहार करण्याइतका पैसाच तिथे फारसा टिकला नाही. दादासाहेबांनी स्वतःच्या संसारातली भांडी आणि पत्नीचे दागिने या वेडापायी घालवले, तशी मुलेही त्यात आली. त्यांच्यावर आज खटला भरण्यात अर्थ नाही. पण फाळके एकच झाले, आणि आज घरोघरी कॅमेरा आहे. पाहुणे आले की "तो डायलॉग म्हणून दाखव ना!" असा आग्रह होतो. पोर बोलते, मंडळी हसतात, लगोलग ते दृश्य टिपून चार गावच्या नातेवाइकांना पाठवले जाते. मुलाला पुन्हा एकदा, आणखी एकदा तेच करायला लावले जाते. पहिल्या वेळी तो खेळ असतो. चौथ्या वेळी ते काम होते, आणि त्याला ना पाच तासांची मर्यादा ना विश्रांती.

तेव्हा मुलांनी नाचू-गाऊ नये असे का? छे! मंदाकिनीने कृष्ण केला नसता तर आपण एका फार मोठ्या आनंदाला मुकलो असतो. मागणे एवढेच की, हसवणाऱ्या मुलाकडे हसून झाल्यावरही थोडे पाहावे. त्याला कंटाळा आला आहे का? त्याला याच वाटेने पुढे जायचे आहे का? जायचे असेल तर मुलगा असो वा मुलगी, ती वाट आपण मोकळी ठेवली आहे का? दादासाहेबांनी चित्रपटाच्या आरंभी क्षणभर कृष्णाला बाजूला सारून आपल्या मुलीचा उघडा चेहरा लोकांना दाखवला होता. तो चेहरा पुण्याच्या संग्रहालयात आजही शाबूत आहे. सात वर्षांची मंदाकिनी तिथे हसते, रुसते, डोळे मोठे करते, आणि मग तिच्यावर हळूहळू मुकुट उमटू लागतो.